हुंडी, हुंडणावळ आणि प्रवाशाची पत

पुण्यातील आपल्या समाजाच्या कोणत्याही संस्थेची सभासदांची यादी चाळावी. पारख, पारेख, नाणावटी, चोकसी, सराफ, हुंडीवाले अशी आडनावे तीत हमखास आढळतात. पारख अथवा पारेख म्हणजे नाणे पारखणारा. नाणावटी म्हणजे नाण्यांची अदलाबदल करून देणारा. चोकसी म्हणजे सोन्यारूप्याचा कस पाहणारा. मराठी मुलखातील पोतदार आणि पोतनीस हीही त्याच गोतावळ्यातील नावे होत. आज या आडनावांची माणसे वैद्यकी, वकिली, बांधकाम, संगणक अशा नाना व्यवसायांत आहेत आणि आपल्या आडनावाचा अर्थ घरातल्या मुलांना सांगण्याची वेळ बहुधा येत नाही. परंतु एके काळी परमुलखात निघालेल्या माणसाला या नावांच्या व्यक्तींचे दार ठोठावल्यावाचून दुसरा मार्ग नव्हता. घरचा पैसा परक्या ठिकाणी कसा मिळवावा, तिथल्या चलनात कसा बदलावा आणि हे करताना फसगत कशी टाळावी, हा प्रश्न यात्रेकरूला, व्यापाऱ्याला आणि विद्यार्थ्याला सारखाच भेडसावत आला आहे. त्या प्रश्नाचा पुण्याच्या अंगाने थोडक्यात मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

पेशवाईत परमुलूख फार दूर नव्हता. पुण्यात हत्तीच्या अंकुशाची खूण असलेला अंकुशी रुपया चाले, नाशिककडे चांदवडी रुपया चाले, सुरतेचा रुपया निराळा आणि कर्नाटकात तर रुपयाऐवजी होनाचा व्यवहार. पुण्याहून श्रवणबेळगोळास निघालेल्या यात्रेकरूला रुपयाच्या प्रदेशातून होनाच्या प्रदेशात उतरावे लागे. सम्मेद शिखरजीस जाणाऱ्याला बंगालच्या सिक्का रुपयाशी गाठ पडे. प्रत्येक टाकसाळीच्या नाण्याचे वजन वेगळे, त्यातील चांदीचा कस वेगळा आणि वापराने झालेली झीज आणखी वेगळी. म्हणून नाणे बदलताना सराफ ते कसोटीला लावी, दगडावर आपटून त्याचा आवाज ऐके आणि जो फरक निघेल तो कापून घेई. या कपातीला बट्टा म्हणत. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण आजही म्हणतो, तो हाच सराफाचा बट्टा. ‘खणखणीत नाणे’ हा शब्दप्रयोगही याच पेढीवरून मराठीत उतरला आहे. पैशाच्या बाजारातील शब्द माणसाच्या अब्रूला लावावेत असे मराठी माणसाला वाटले, यावरून त्या बाजारात खरी वस्तू कोणती विकली जात होती हे ध्यानी येते.

रोकड अंगावर बाळगणे हा झाला पहिला उपाय. कमरेला कसा बांधायचा, त्यात रुपये भरायचे आणि देवाचे नाव घेऊन वाट धरायची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. मिळवलेली दक्षिणा वाटेत लुटली जाणे म्हणजे काय, हे त्यात ज्यांनी वाचले असेल त्यांना रोकडीच्या प्रवासाबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही.

दुसरा उपाय हुंडीचा. पुण्याच्या पेढीवर रुपये भरायचे, पेढीवाल्याने काशीच्या किंवा सुरतेच्या आपल्या आडत्यावर चिठ्ठी लिहून द्यायची आणि तिथे ती दाखवून रुपये घ्यायचे. दाखवताच पैसे मिळतील ती दर्शनी हुंडी. ठरावीक दिवसांनी मिळतील ती मुदती. हुंडीचा मजकूर ठराविक साच्याचा असे आणि त्यातील खबरदारी पाहून आजही कौतुक वाटते. रक्कम नुसती आकड्यात लिहून भागत नसे. अमुक इतके रुपये, ज्याचे निम्मे अमुक, त्याची दुप्पट पुरी, असे शब्दांत लिहावयाचे. म्हणजे एक शून्य वाढवून कोणी हात मारू पाहील तर निम्म्याचा आकडा त्याला उघडा पाडील. हुंडी हरवली तर पेढी तिची दुसरी प्रत देई, तिला पेठ म्हणत. तीही गहाळ झाली तर परपेठ. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला खोका म्हणत.

पण हुंडीतील सर्वांत महत्त्वाचा शब्द असे तो ‘शाहजोग’. शाहजोग हुंडीचे पैसे कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हाती पडत नसत. त्या बाजारात ज्याला प्रतिष्ठित शाह म्हणून ओळखतात त्याच्याच हाती पडत. म्हणजे काशीस पोहोचलेल्या अनोळखी यात्रेकरूला आधी तिथल्या एखाद्या शाहाकडे जाऊन आपली ओळख पटवावी लागे आणि तो शाह आपल्या नावावर हुंडी वटवून देई. खोट्या माणसाच्या हाती पैसा गेला तर जबाबदारी शाहाची. चोराला हुंडी सापडली तरी त्याला शाह सापडत नसे. जोखीम अशी कागदावरून माणसावर आणून ठेवली होती. याहून एक सुंदर सोय होती ती जिकरी चिठ्ठीची. समोरच्या पेढीने हुंडी नाकारली, तर त्याच गावातील दुसऱ्या व्यापाऱ्याने लिहिणाऱ्याची अब्रू राखण्यासाठी ती सकारावी, अशी विनंती करणारी ही चिठ्ठी हुंडीसोबत दिली जाई. परक्या गावी पैसे न मिळाल्याने प्रवासी उघड्यावर पडेल, ही शक्यता त्या व्यापाऱ्यांनी आधीच गृहीत धरली होती.

या व्यवहाराची मजुरी म्हणजे हुंडणावळ. तिचा दर स्थिर नसे. एखाद्या गावी पैसे पाठवणारे अनेक आणि तिकडून आणणारे थोडे असले की दर चढे, उलट स्थितीत तो उतरे. पुढे इंग्रजी अमदानीत रुपया आणि पौंड यांच्या दराचा प्रश्न आला तेव्हा मराठीत त्यासाठी नवा शब्द घडवावा लागला नाही. हुंडणावळ हाच शब्द पुरला.

हुंडीची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही पानिपतच्या मोहिमेत दिसतात. पेशव्यांची फौज पुण्यापासून शेकडो कोस दूर गेली. मुलूख युद्धाचा, पेढ्या बंद, आडते परागंदा. अशा ठिकाणी पुण्यात कितीही पैसा असला तरी हुंडी वटवणार कोण? १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-इ-खासचे रुप्याचे छत काढून त्याचे नाणे पाडले. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाल्याचे सांगतात. या कृत्याबद्दल भाऊंना पुष्कळ दोष देण्यात आला आहे. मला त्यात उद्दामपणापेक्षा अडचणच अधिक दिसते. ज्याची हुंडी चालत नाही त्याने चांदी वितळवावी, याखेरीज दुसरे काय करणार? आणि त्याच मोहिमेचा शेवट नानासाहेब पेशव्यांना समजला तो सराफी पत्रातूनच. जानेवारी १७६१ मध्ये पेशवे उत्तरेकडे कूच करीत असता सावकाराच्या कासिदाजवळचे पत्र त्यांच्या हाती आल्याची हकिगत ग्रँट डफने नमूद केली आहे. त्यात मोती गळाल्याचा, मोहरा गमावल्याचा आणि खुर्द्याची तर मोजदाद नसल्याचा सांकेतिक मजकूर होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. राज्याच्या डाकेआधी पेढीची डाक पोहोचली, आणि लाखाच्या संहाराची वार्ता खतावणीच्या भाषेत आली.

आता थोडे उत्तरेकडे आणि मागे जावे लागेल, कारण परगावी नाणे मोडण्याच्या धोक्याचा एक फार जुना आणि बोलका दाखला आपल्याच परंपरेत आहे. कविवर बनारसीदास हे जौनपूर-आग्रा भागातील जैन व्यापारी. त्यांनी १६४१ साली ‘अर्धकथानक’ या नावाने आपले आत्मचरित्र लिहिले. त्यात एका प्रवासाची हकिगत आहे. वाटेतील एका गावी त्यांच्या सोबतचा एक ब्राह्मण रुपया मोडण्यासाठी सराफाकडे गेला. सराफाने रुपया खोटा असल्याचा कांगावा केला आणि पाहता पाहता सगळी मंडळी खोटी नाणी पाडणारी टोळी ठरली. रात्रभर त्यांच्यावर पहारा बसला आणि त्यांना सुळी देण्याची तयारी झाली. सुटका झाली ती कशाने? कागदपत्रांनी नव्हे. सोबत्यांपैकी एकाचे सोयरसंबंध जवळच्या गावात होते हे त्याला आठवले, तिथे चौकशी झाली, ओळख पटली आणि मंडळी वाचली. एक रुपया मोडण्यावरून जीव टांगणीला लागलेल्या या प्रवाशांना अखेर जे उपयोगी पडले ते शाहजोग हुंडीतल्या शाहाचेच तत्त्व: या माणसाला ओळखणारा येथे कोणी आहे काय?

इंग्रजी राज्याने या प्रश्नाला निराळे उत्तर दिले. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सर्व मुलखात एकच १८० ग्रेन वजनाचा रुपया आला. यंत्रावर, म्हणजे कळीवर पाडलेला म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. कलदार आला तशी अंकुशी आणि चांदवडी नाणी हळूहळू मोडीत गेली आणि त्यांच्या बट्ट्यावर जगणाऱ्या कितीतरी पेढ्यांना दागिन्यांच्या धंद्याकडे वळावे लागले. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली आणि १८६३ मध्ये बोरघाटाचे काम पुरे होऊन मुंबईशी सलग जोड मिळाली. १८८० च्या १ जानेवारीपासून टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली, तेव्हा लहान रकमेच्या हुंडीचे दिवस भरले. तथापि १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवजांच्या कायद्याने देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या, ही गोष्ट विसरता येणार नाही. सरकारलाही त्या बाजाराची शिस्त मोडून चालण्यासारखे नव्हते.

मात्र एकाच राज्यात एकच चलन, ही गोष्ट आपण समजतो तितकी लवकर घडली नाही. १८६१ च्या कायद्याने सरकारी नोटा निघाल्या, पण त्या मंडलवार होत्या. कलकत्ता मंडलाची नोट मुंबई मंडलात हक्काने वटत नसे, आणि पुन्हा बट्टा आलाच. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये, दहा आणि पन्नासांची १९१० मध्ये आणि शंभराची १९११ मध्ये सर्वत्र चालू लागली. संस्थानांची गोष्ट आणखी वेगळी. निजामाच्या हैदराबाद राज्यात हाली सिक्का चाले, पुढे तिथे स्वतंत्र नोटाही निघाल्या. सात हाली रुपये म्हणजे साधारण सहा कलदार. अहमदनगर किंवा सोलापूरचा व्यापारी जालना, औरंगाबाद, लातूरच्या बाजारात उतरला की हिशोब दोन रकान्यांत मांडी. पुण्यात स्थायिक झालेल्या मराठवाड्याकडील कुटुंबांच्या जुन्या चोपड्या कोणी जपल्या असतील तर त्यांत ‘हाली’ आणि ‘कल’ अशा नोंदी अवश्य पाहाव्यात. हाली सिक्का १९५० च्या दशकात चलनातून गेला. गोव्यात पोर्तुगीजांचा रुपिया १९५८-५९ पर्यंत होता, नंतर एस्कुदो आला. तेव्हा बेळगावहून पणजीस जाणे हीदेखील, चलनाच्या दृष्टीने, परदेशयात्राच होती.

समुद्रापलीकडे निघालेल्यांसाठी युरोपात जी साधने होती ती आपल्या लोकांना फारशी अनोळखी वाटली नसावीत. लंडनच्या रॉबर्ट हेरीस यांच्या पेढीने १७७२ साली, म्हणजे थोरले माधवराव थेऊरला निवर्तले त्या वर्षी, प्रवाशांसाठी फिरत्या चिठ्ठ्या काढल्या; ठरलेल्या युरोपीय शहरांत त्या दाखवून पैसे घेता येत. थॉमस कुक यांनी १८७४ मध्ये तशाच चिठ्ठ्या सुरू केल्या आणि अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ मध्ये प्रवासी धनादेश आणला. तत्त्व दर्शनी हुंडीचेच. पण एक बदल मोठा होता. प्रवाशाने धनादेश घेताना एक सही करायची आणि वटवताना दुसरी. दोन्ही जुळल्या की पुरे. शाहाची जागा प्रवाशाच्या स्वतःच्या सहीने घेतली.

अडचण होती ती हुंडणावळीची. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा, आणि जगभर चांदी घसरत चाललेली. १८७१ च्या सुमारास एका रुपयाला सुमारे २३ पेन्स मिळत, म्हणजे पौंडाला साडेदहा रुपयांच्या आत. १८९२-९३ मध्ये रुपयाचे १५ पेन्स झाले आणि पौंड १६ रुपयांवर गेला. नेमक्या याच काळात आपल्या समाजाचे वीरचंद राघवजी गांधी जैन धर्माचे प्रतिनिधी म्हणून शिकागोच्या सर्वधर्म परिषदेस गेले. परिषद सप्टेंबर १८९३ मधली. तिच्या अगोदर तीनच महिने, २६ जून १८९३ रोजी, हिंदुस्थान सरकारने खाजगी चांदीसाठी टाकसाळी बंद केल्या आणि रुपयाचा चांदीशी असलेला जुना संबंध तोडला. वीरचंदजींच्या विद्वत्तेबद्दल आपल्या स्मरणिकांतून वारंवार लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु मुंबईत रुपयांत जमलेला निधी परदेशात खर्चायचा म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या तुलनेत दीडपट रुपये मोजायचे, हा त्या धर्मकार्याचा दुसरा पैलूही नोंदला जावा.

लोकमान्य टिळकांना उलटा अनुभव आला असला पाहिजे. ऑक्टोबर १९१८ च्या अखेरीस ते चिरोल खटल्यासाठी लंडनला पोहोचले तेव्हा रुपयाचा अधिकृत दर १८ पेन्स होता. महायुद्धाने चांदी महागली आणि दर चढत जाऊन सप्टेंबर १९१९ मध्ये दोन शिलिंग झाला. पौंडाची किंमत १३ रुपये ५ आण्यांवरून १० रुपयांवर आली. खटला हरला, प्रतिपक्षाचा खर्च अंगावर आला. पण निदान हुंडणावळीने त्या वर्षी पुण्याच्या पैशाला साथ दिली. पुढच्याच वर्षी चित्र पालटले. फेब्रुवारी १९२० मध्ये रुपया क्षणभर ३२ पेन्सांच्याही वर गेला आणि वर्षभरातच निम्म्यावर कोसळला. त्या पडझडीच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये काटकसरीने शिकत होते. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. घरून येणाऱ्या रुपयाचे किती पौंड होतील ही चिंता ज्याला होती, त्यानेच त्या चिंतेचे शास्त्र लिहिले. १९२७ मध्ये दर १८ पेन्सांवर बांधला गेला आणि पौंड १३ रुपये ३३ पैशांच्या हिशोबाने तब्बल १९६६ पर्यंत टिकला.

एवढ्या काळात प्रवाशाला दर परवडो न परवडो, पैसा मागेल तितका मिळत असे. ३ सप्टेंबर १९३९ रोजी, महायुद्ध सुरू होताच, सरकारने परकीय चलनावर नियंत्रण आणले. युद्ध संपले, राज्य बदलले, नियंत्रण मात्र राहिले. १९४७ च्या आणि नंतर १९७३ च्या कायद्याने ते अधिक आवळले गेले. याला एक विलक्षण अपवाद होता. दुबई, कुवेत, बहरीन या आखाती मुलखांत आपलाच रुपया चाले. तिकडे जाणाऱ्या मुंबईकराला नाणे बदलावेच लागत नसे. सोन्याच्या चोरट्या आयातीत रुपये बाहेर जाऊ लागल्याने १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि हज यात्रेकरूंसाठीही निराळ्या नोटा छापल्या. यात्रेकरूसाठी खास चलन, ही कल्पना आज कोणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. १९६६ पर्यंत बहुतेक आखाती राज्यांनी रुपया सोडला.

त्या वर्षी, ६ जून रोजी, रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्या पिढीतील ज्येष्ठांच्या तोंडी दोन आकडे कायम असतात: तीन पौंड आणि आठ डॉलर. विलायतेस निघालेल्याच्या खिशात तीन पौंड, म्हणजे चाळीस रुपये. अमेरिकेस निघालेल्याच्या खिशात आठ डॉलर, म्हणजे साठ रुपये. विमानाचे तिकीट काढण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा ‘पी’ फॉर्म मंजूर व्हावा लागे आणि मिळालेल्या चलनाची नोंद पारपत्रावर केली जाई. विमानतळावरून शहरात जायचे भाडे देताच निम्मी संपत्ती संपलेली. मग उपयोगी पडे ते ओळखीच्या माणसाचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कागदाचे चिटोरे. पुण्यातील कोणाच्या तरी मेहुण्याचा शेजारी न्यू जर्सीत किंवा लेस्टरमध्ये असे. तो स्थानकावर येई, आठवडाभर ठेवून घेई, हातउसने डॉलर देई. जिकरी चिठ्ठी ती हीच!

येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. स्मरणिकेत तिचा उल्लेख करू नये असे काहींना वाटेल. हातउसने घेतलेले डॉलर परत कसे करायचे? पुण्यात त्या गृहस्थाच्या आईवडिलांना रुपये पोचते करायचे. इथे भरा, तिथे घ्या. पूर्वजांची हुंडी याहून वेगळी नव्हती. परंतु नव्या कायद्याच्या दृष्टीने हा भरपाईचा व्यवहार, म्हणजे गुन्हा होता, आणि त्याचे बाजारी रूप म्हणजे हवाला. हवाला हा शब्दही पेशवाईच्या कागदपत्रांत सोपवणे, जबाबदारी देणे या साध्या अर्थाने येतो; हवालदार त्यातूनच निघाला. एक अब्रूदार शब्द अशा रीतीने बदनाम झाला. यात दोष कायद्याचा की माणसांचा? माझे मत असे की कायदा अवास्तव होता, कारण औषधासाठी किंवा शिक्षणासाठी शंभर डॉलर लागणाऱ्याला आणि लाखोंचा चोरटा व्यवहार करणाऱ्याला त्याने एकाच तागडीत तोलले. तथापि म्हणून तो मोडणे निर्दोष ठरत नाही. श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम हा एक सांगितला आहे. राज्याच्या व्यापारविषयक मर्यादा ओलांडून केलेला व्यवहार आणि परक्या वा विरोधी राज्याशी केलेला निषिद्ध व्यापार, असे दोन्ही अर्थ त्याचे केले जातात. खोट्या वस्तूचा खऱ्यासारखा व्यवहार हाही त्याच यादीत आहे. ज्या समाजाने हजारो वर्षे सीमा ओलांडून व्यापार केला त्याच्या आचारसंहितेत हे दोन दोष शेजारी शेजारी यावेत, हे आश्चर्याचे नाही. पन्नास वर्षांपूर्वी घरोघरी हा प्रश्न निघत होता आणि ‘सगळेच करतात’ या उत्तरावर तो मिटवला जात होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या डोळ्यांदेखत घडला, म्हणून भराभर सांगतो. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले. १९९३ पासून दर बाजारावर सोपवला गेला. ऑगस्ट १९९४ मध्ये चालू खात्यावर रुपया परिवर्तनीय झाला. १ जून २००० पासून ‘फेरा’ जाऊन ‘फेमा’ आला आणि चलनविषयक चूक हा फौजदारी गुन्हा न राहता दंडाचा विषय झाला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत परदेशी नेण्यास वा पाठवण्यास मोकळीक दिली; ही मर्यादा २०१५ पासून २,५०,००० डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाख डॉलरपर्यंतचे हे अंतर एका आयुष्यात कापले गेले. हिंजवडीच्या कंपन्यांतून परदेशी जाणाऱ्या तरुणांना ‘पी’ फॉर्मची कथा दंतकथेसारखी वाटते, त्यात त्यांचा दोष नाही.

आणि तरीही बट्टा कुठे गेला नाही. त्याने केवळ वेश बदलला. परदेशात कार्ड वापरले की बँकेच्या दरावर अनेक कार्डांना ३ ते ३.५ टक्क्यांची भर पडते. यंत्रातून रोकड काढली तर तिचे शुल्क वेगळे. दुकानातील यंत्र सौजन्याने विचारते, रुपयांत आकारू की येथील चलनात? रुपयांत म्हटले की दर त्या यंत्रवाल्याच्या मर्जीचा, आणि तो सहसा महाग पडतो. म्हणून नेहमी तिथलेच चलन निवडावे. विमानतळावरील खिडकीवर दर सर्वांत वाईट मिळतो, कारण अडलेल्या प्रवाशाला पर्याय नसतो. अठराव्या शतकातील नाणावट्याला हे गणित समजावून सांगावे लागले नसते. थोडी रोकड घरूनच न्यावी, बाकी आधी भरलेल्या चलन-कार्डावर ठेवावी आणि दुसरे एक कार्ड वेगळ्या पिशवीत असावे. हुंडीच्या पेठ-परपेठेमागचा विचार याहून निराळा नव्हता.

फेब्रुवारी २०२४ पासून पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याचे तिकीट यूपीआयने काढता येऊ लागले. त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशस येथेही ही सोय सुरू झाली. सिंगापूरशी २०२३ मध्येच जोडणी झाली होती. फोन दाखवताच पुण्याच्या खात्यातून पैसे जातात, हे दर्शनी हुंडीचे शुद्ध रूप म्हणावे लागेल. मात्र समाजातील ज्येष्ठ यात्रेकरूंचे संघ आता लेस्टरचे किंवा अँटवर्पचे देरासर पाहण्यास जातात, तेव्हा एक अडचण हमखास उभी राहते. इथला मोबाइल क्रमांक तिकडे बंद असतो, बँकेने पाठवलेला सांकेतिक आकडा पोहोचत नाही, आणि खात्यात पैसे असूनही कार्ड चालत नाही. मग संघातील कोणीतरी आपले कार्ड पुढे करतो, चहा-फळांचे आणि बसचे पैसे भरतो, वहीत नावे लिहून घेतो, आणि हिशोब पुण्यास परतल्यावर रुपयांत होतो.